चाळीस भाजीवाल्या

भाषणाला विषय दिलेला असला की माणूस देणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो आणि विषय तुमचा तुम्ही निवडा म्हटलं की स्वतःच्या. शर्मिला मेश्रामचं आठ दिवस हेच चाललं होतं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची कायम जागा निघाली होती. मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं, 'कलाविषयक कोणत्याही एका विषयावर दहा मिनिटे भाषण करावे.' आता कोणत्याही म्हणजे नेमक्या कोणत्या, हे लिहायला यांच्या शाईला काय झालं होतं?

वारज्याच्या शाळेत ती सहा वर्षं तासिकेवर शिकवत होती. दर जूनला आपल्याला पुन्हा बोलावतात की नाही, या काळजीने तिचा मे महिना करपून जायचा. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे ही जागा गेली की कायमच्या नोकरीचं नाव काढायला नको.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा अभय म्हणाला, "एआय आणि कला घे. हल्ली तेच चालतं." वरच्या मजल्यावरची चैताली म्हणाली, "वारली घ्या ना मॅम, क्यूट असतं." सासरे नागोराव पोस्टातून निवृत्त झालेले, नागपूरहून मुलाकडे राहायला आलेले. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि निकालच दिला. "अजिंठा. आपला विषय आहे, पोरी. तिथं कोणी तुला अडवणार नाही."

झालं. शर्मिलाने अजिंठा घेतला. पुस्तकं आणली, पाच पानं लिहिली, कुकरच्या शिट्ट्यांवर पाठ केली. एकच अडचण होती. लेणी तिने जन्मात पाहिली नव्हती. दर दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरायचं आणि दर दिवाळीला काहीतरी निघायचं. पण न पाहिलेल्या गोष्टींवर बोलायची आपल्याकडे जुनी रीत आहे, तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात चार उमेदवार बसले होते आणि तिचा नंबर शेवटचा होता. दार पातळ. पहिला उमेदवार आत गेला आणि आवाज आला, "सह्याद्रीच्या कुशीत..." शर्मिला पाणी प्यायली. दुसरी गेली. "वाघोरा नदीच्या काठी..." शर्मिला पुन्हा पाणी प्यायली. तिसरा तर थेट पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरला आणि दहा मिनिटं बाहेर येईना. पर्समधली पाच पानं आता रद्दीत घालायच्या लायकीची राहिली होती.

आत मुख्याध्यापिका विमलाबाई आणि संस्थेचे चिटणीस श्रीनिवासराव बसले होते. श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपणही अजिंठ्यालाच नेणार का? सकाळपासून तीनदा जाऊन आलोय. गुडघे बोलायला लागले."

"नाही," शर्मिला म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेला. नाही म्हणजे मग काय? दुसरं काही पाठ नव्हतं. सहा वर्षं मनात सलणारी एकच गोष्ट होती आणि ती सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कोणता उमेदवार मुलाखतीला येऊन स्वतःचीच चूक वाचून दाखवतो?

"विषय?" विमलाबाईंनी पेन उचललं.

"चाळीस भाजीवाल्या," शर्मिला म्हणाली आणि बोलायला लागली.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. पाहिलेलं आठवून काढायचं. तिचं ते पहिलंच वर्ष होतं, निकाल चांगला लागला तरच पुन्हा नेमणूक. म्हणून तिने आठवीच्या मुलांना एक भाजीवाली घोटून घ्यायला लावली. डावीकडे तोंड, उजवा हात तराजूवर, पुढ्यात टोपली. कुठल्याही विषयात बसवा, मार्क कुठे जात नाहीत. मग सराव परीक्षेत तिनेच विषय दिला, बसथांबा. एक्केचाळीस पेपर आले. चाळीस बसथांब्यांवर तीच बाई, तोच तराजू. एका पोराने तर तिला बसच्या टपावर बसवलं होतं, कारण खाली जागा उरली नव्हती.

श्रीनिवासराव खोकले. तो खोकला नव्हता, हसू होतं.

"एक्केचाळिसावा पेपर राधाचा होता," शर्मिला म्हणाली. "तिने थांब्याच्या पत्र्याखालून दिसणारे नुसते पाय काढले होते. चपला, बूट, एक सायकलचं चाक. ती रोज पलीकडच्या फुटपाथवरून जायची, तिला तेवढंच दिसायचं. मी त्यावर लाल पेनने लिहिलं, 'भाजीवाली कुठे आहे?' सगळ्यांत कमी मार्क तिलाच दिले."

तिने पर्स खाली ठेवली. मग पुढचंही सांगून टाकलं.

"खऱ्या परीक्षेत तिने भाजीवाली काढली. ए श्रेणी आली. पेढे घेऊन आली होती माझ्याकडे. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला बसलीच नाही. म्हणाली, मॅडम, मला सुचत नाही काही. त्यानंतर मी एकाही मुलाला तयार आकृती दिली नाही. मुलांना रस्त्यावर नेते, मग वर्गात आणून काढायला लावते. निकाल थोडा खाली आलाय. ते तुम्हाला अर्जात दिसलंच असेल."

दहा मिनिटं व्हायला अजून बराच वेळ होता आणि तिच्याकडचं बोलणं संपलं होतं. नोकरी गेलीच, असं तिने मनाशी धरलं आणि नवल म्हणजे तिला हलकं वाटलं. सहा वर्षांत हे अभयलासुद्धा सांगितलं नव्हतं.

विमलाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे त्या राधाला कधी सांगितलंत?"

"नाही."

"सांगा. कुठेही असली तरी शोधून सांगा." त्यांनी श्रीनिवासरावांकडे पाहिलं. श्रीनिवासरावांनी होकारार्थी मान हलवली. "आणि पहिल्या तासाला मुलांनाही सांगा."

"कुठल्या मुलांना?" शर्मिलाने विचारलं.

"आठवी ब," श्रीनिवासराव म्हणाले. "सोमवारी सकाळी साडेसात. पत्र मागाहून येईल, ते आमच्याकडे सावकाशच येतं. तुम्ही मात्र वेळेवर या."

शर्मिलाचा जीव भांड्यात पडला. कोणी बसा म्हटलं नव्हतं, तरी ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. श्रीनिवासरावांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.