ओतिली ज्या वाटेने जात नसे

आमच्या कार्लोवी वारीत, चेक देशातल्या या ऊन झऱ्यांच्या गावात, तेप्ला नदीच्या काठाने एक वाट जाते. चेस्टनटची झाडं इतकी दाट, की भर जूनमध्ये दुपारीसुद्धा डोक्याला टोपी लागत नाही. झऱ्याचं ऊन पाणी प्यायचं आणि या वाटेने सावकाश चालायचं, हे इथे येणाऱ्या आजाऱ्यांचं औषध. आम्हा गावकऱ्यांची ती नुसती घरी जायची वाट. फक्त ओतिली तिथून जात नसे. ती टेकडीवरच्या डांबरी रस्त्याने, उन्हातून, दम खात घरी जायची.

ओतिली माझ्याबरोबर आरोग्यधामाच्या लाँड्रीत होती. एक्क्याण्णव साली ती आमच्याकडे आली तेव्हा आम्हा बायकांना मोठं नवल वाटलं होतं. चांगली वरच्या मजल्यावरची सिस्टर, वीस वर्षं नोकरी झालेली, आणि स्वतःहून चादरी धुवायला खाली येते! विचारलं तर म्हणायची, "चादरी उलट बोलत नाहीत." आम्ही हसायचो आणि विषय तिथेच राहायचा.

त्यानंतर बारा वर्षांनी, वसंतात, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, सपाटीवर चाला, एकट्या जाऊ नका. माझा नवरा वारलेला, मुलगी ब्र्नोला. मी ओतिलीला म्हटलं, "नदीकाठाने माझ्याबरोबर चल."

"नको. टेकडीवरून जाऊ."

"अगं, टेकडी चढता आली असती तर तुझ्या विनवण्या कशाला केल्या असत्या?"

हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी तिने तीनदा मोडली आणि तीनदा घातली. मग तिथेच, यंत्रांच्या घरघरीत, तिने मला सगळं सांगितलं.

एक्क्याण्णव साली तिच्या मजल्यावर इम्रिख वालेंत नावाचा एक स्लोव्हाक पेशंट होता. साठीकडे झुकलेला, अंगाने थोराड, मधुमेही, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आणि तोंडाचा फटकळ. पेज आली की "हे डुकरांना द्या" म्हणायचा, पाणी आलं की "ह्यात खिळे उकळलेत का" म्हणायचा. एका शुक्रवारी त्याने चालायला जायचं साफ नाकारलं. ओतिलीची रात्रपाळी लांबली होती, डोकं तापलेलं होतं. ती ओरडली, "शेवटच्या पुलाला हात लावून आल्याशिवाय जेवणघरात तोंड दाखवू नका!"

तासाभराने तो वाटेवर बेशुद्ध पडलेला सापडला. साखर उतरली होती. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. ओतिलीला शनिवार-रविवार सुट्टी होती. ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. सोमवारी फाटकाशी पोचते न पोचते तोच दरवान म्हणाला, "तुझा तो स्लोव्हाक गेला गं!" वर जाऊन पाहिलं तर खाटेवरची गादी गुंडाळलेली.

"मग? चौकशी केली कुणी?"

"कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, प्रकरण दाबलं. आणि वलास्ता, मीही काही विचारलं नाही. इन्सुलिन घेतलेल्या माणसाला मी उपाशी पिटाळलं. सिस्टर होते ना मी?" तिने अभ्रा गठ्ठ्यावर ठेवला. "दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, एक मेणबत्ती लावते त्याच्या नावाने."

मी एवढंच म्हटलं, "माझा गुडघा मात्र अजून जिवंत आहे. त्याच्यासाठी चल."

आली. पहिले दोन दिवस नुसती जमिनीकडे बघत चालली. माझा दंड तिने धरला होता, पण खरं तर आधार मीच तिला देत होते. तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, वळणावरच्या बाकावर एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसला होता. बाजूला काठी टेकवलेली. मांडीवर ओप्लातकांचा डबा. ओप्लातका म्हणजे पापडाएवढ्या गोल, आत साखर आणि बदामाची पूड भरलेल्या पातळ कुरकुरीत चकत्या. इथून प्रत्येक पाहुणा घरी नेतो. पण हा तिथेच फस्त करत होता. आणि त्याच्या मनगटावर मधुमेह्यांची पट्टी होती.

ओतिलीतली सिस्टर बारा वर्षं चादरीखाली झाकली होती. ती ताडकन उठली.

"ओ आजोबा! पट्टी काय शोभेला बांधलीय? कितवी ही?"

"चौथी," म्हातारा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. मग चावायचा थांबला. मान तिरकी करून त्याने तिला नीट न्याहाळलं. "हा आवाज... सिस्टर ओतिली? अहो, त्या वेळी गोड खायला देत नव्हतात, आता तोंडातलंही काढून घेताय?"

माझ्या दंडावरची तिची बोटं अशी रुतली, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

"वालेंत?" ती म्हणाली. "तुम्ही... तुम्ही गेलात ना?"

"गेलो म्हणजे? घरी गेलो! रविवारी पोरगा गाडी घेऊन आला, हॉस्पिटलातूनच उचलून घेऊन गेला. सामानही त्यानेच नेलं."

"दरवान म्हणाला, गेला."

"बरोबरच म्हणाला की." आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने डबा बाकावर ठेवला. "अरे देवा! मेलो असं समजलात की काय?"

ओतिली बसली. म्हणजे मीच तिला बाकावर बसवली. ती रडेल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा लाल झाला आणि ती त्याच्यावर ओरडलीच, "एक पत्र टाकता येत नव्हतं? चार ओळींचं?"

"टाकलं होतं की! सिस्टर ओतिली, तिसरा मजला. उत्तर नाही आलं. म्हटलं, सिस्टरबाई रागावलेल्या दिसतात."

"मी लाँड्रीत गेले होते."

"लाँड्रीत? कशाला?"

मग तिने सांगितलं. ती पुलाची गोष्ट, तो शब्दन् शब्द. मान खाली घालून, पोरीने शाळेत गुन्हा कबूल करावा तसं. वालेंत ऐकत राहिला. शेवटी मिशी पुसत म्हणाला, "असं म्हणाला होतात? मला तर आठवतसुद्धा नाही."

"आठवत नाही?"

"सिस्टर, चाळीस वर्षं माझी बायको ओरडतेय, तिचं एक ऐकलं नाही, तुमचं ऐकून मी पुलापर्यंत जाईन? त्या दिवशी इन्सुलिन घेतलं, न्याहारीची पेज शेजारच्या खाटेवरच्याला दिली, आणि वाटेच्या टोकाला ती खानावळ आहे ना, तिथे बिअर आणि मांसाचे गोळे हाणायला निघालो होतो. आदल्या दिवसापासूनच ठरवलं होतं. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली. चूक सगळी माझी. डॉक्टरांपुढे कबूल केलं, बायकोपुढे अजून केलेलं नाही. ती आता झऱ्यावर पाणी भरायला गेलीय, तेव्हा जरा हळू बोला."

ओतिली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. मला आधी कळलंच नाही की ती हसतेय. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"बारा मेणबत्त्या लावल्या मी तुमच्या नावाने," ती कशीबशी म्हणाली.

"मोठ्या की त्या स्वस्तातल्या?"

"स्वस्तातल्या."

"हं. तरीच माझी तब्येत मधूनमधून बिघडायची."

तेवढ्यात त्याची बायको आली. ठेंगणी, गोल, दोन्ही हातांत पाण्याचे पेले. नवऱ्याशेजारी परकी बाई रडताना पाहून ती थबकली. "काय केलंस हिला?" तिने नवऱ्याला दरडावलं. ओतिली उठली, त्या बाईला तिने पेल्यांसकट मिठी मारली, आणि निम्मं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

परतताना तिने माझा दंड धरलाच नाही. पुढे जायची, मग माझ्या लक्षात यायचं की ती थांबलीय, वर फांद्यांकडे बघतेय. "ही झाडं केवढी वाढलीत गं," एवढंच एकदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली नाही. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. दहा वाजले तरी पत्ता नाही. एवढा धक्का तिच्या जिवाला सोसला नाही की काय, असं माझ्या मनात आलं. मी लंगडत तिच्या घरी गेले आणि दार बडवलं. कितीतरी वेळाने कडी निघाली. ओतिली समोर उभी, गालावर उशीची घडी उमटलेली, केस पिंजारलेले.

"काय गं," ती जांभई देत म्हणाली, "आग लागली का कुठे?"