सूनबाईचा पिंग

माझी सून कॉम्प्युटरवर गेम खेळते, हे मी हल्ली लोकांना आपणहून सांगते. पूर्वी विषय टाळायचे. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिच्या खोलीतून "मागून ये, मागून ये, मी आहे इथे" असं जोरजोरात ऐकू आलं आणि मी हातातली कात्री घेऊनच आत धावले. आत ती एकटीच होती. कानांवर हेडफोन, आणि स्क्रीनवर पाच जणी एका पडक्या किल्ल्याच्या दारात उभ्या. मला कात्रीसकट पाहून तिने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा ना आई, दोन मिनिटांत जिंकतोय आम्ही." मी बसले नाही. पण त्या जिंकेपर्यंत दारातून हललेही नाही.

दिवसा ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या हाताला सुया टोचते, म्हणून टीममध्ये तिचं नाव सुई. टीममध्ये पाच बायका, पाच गावांच्या, एकमेकींना प्रत्यक्ष कधी भेटलेल्या नाहीत. कप्तान कुठल्याशा शाळेत गणित शिकवते. तिचा आवाज ऐकला की मलासुद्धा गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. सुईचं काम म्हणजे खेळात पडलेलीला जाऊन उठवायचं. ती वेळेवर पोचली नाही तर बाकीच्यांचा खेळ खलास.

आणि गेला महिनाभर ती वेळेवर पोचत नव्हती. दोष तिचा नव्हता, नेटचा होता. आमचा राउटर बाहेरच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी. तिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत, आणि मध्ये हातभर जाडीची भिंत. वायफाय तिथे पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. वायर टाकायची तर ती माझ्या कापडं बेतायच्या टेबलावरून जाणार, तेव्हा तो प्रश्नच मिटला. भिंतीला भोक पाडू का, असं मुलाने विचारलं, त्यावर मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नवा रंग होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. शेवटी त्याने दुकानातून दोन पांढरी डबडी आणली. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये खोचायचं, दुसरं कॉम्प्युटरजवळच्या, की घरातल्या विजेच्या वायरीतूनच नेट पलीकडे जातं. पहिल्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते. त्या दिवशी अगदी छान चाललं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून रडगाणं सुरू झालं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सूनबाईने एका वाक्यात समजावलं. "आई, तुम्ही हाक मारलीत आणि मी 'ओ' दिली, तर मध्ये जो वेळ जातो त्याला म्हणायचं पिंग. जितका कमी तितका चांगला." तिचा पिंग स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचा. तीसच्या आसपास हिरवा, आणि मध्येच एकदम नऊशे, लालभडक. "म्हणजे या घरात सगळ्यात जास्त पिंग तुझ्या नवऱ्याचा," मी म्हणाले. ती इतकी हसली की तिचा खेळ गेला.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांची स्पर्धा चालू होती. दोन सामन्यांत सुई मध्येच गायब झाली होती, आणि कप्तानने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की रविवारी तीन वाजताच्या सामन्यात तिसऱ्यांदा तुटलं तर सुईच्या जागी राखीव मुलगी कायमची येईल. सूनबाई "बरोबर आहे तिचं" एवढंच म्हणाली आणि जेवताना काही बोलली नाही. जी मुलगी भाजी निवडतानाही बडबडते, ती गप्प बसली की घर खायला उठतं. मला ती आवडते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

मग तपास सुरू झाला. लॅबमध्ये काम करणारी ती, तिची पद्धत ठरलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. फ्रिजवर एक मोठा तक्ता चिकटवला. दिवस, वेळ, घरात तेव्हा काय काय चालू होतं, पिंग किती. मुलाला मात्र एकच उपाय ठाऊक. "राउटर बंद करून चालू कर." मला ताप आला तरी तो हेच सांगेल.

तपासाचं पुढारीपण अर्थात माझ्याकडे आलं. मी एकेकाला धारेवर धरलं. आधी मायक्रोवेव्ह. मग मुलाचा मोबाइल, कारण तो दिवसभर कसले कसले व्हिडिओ उतरवत असतो. मग टीव्ही. मग शेजारच्यांचं वायफाय, आणि त्यांना विचारायला मी स्वतः गेले, जरा वरच्या पट्टीतच. प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून उठायची, मनगटावरचं घड्याळ बघत सूनबाईच्या मागे जाऊन उभी राहायची आणि हुकूम सोडायची, "हं, आता लाव मायक्रोवेव्ह." मायक्रोवेव्ह गरगर फिरायचा आणि पिंग तीसवर ढिम्म. मोबाइल चालू केला, तीस. टीव्ही लावला, तीस. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

नेट कंपनीचा माणूसही येऊन गेला. परका माणूस घरात असला की मी त्याच्या पाठीपाठी असते. कोण कुठे हात लावेल, बूट कुठे टेकवेल, सांगता येत नाही. तो तासभर बसला, मीही तासभर त्याच्यामागे. "काकू, लाइन एकदम झकास आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तो जिना उतरला, मी बाहेर येऊन शिवायला बसले, आणि आतून आवाज आला, "गेलं परत."

"आई मागे उभी राहिली की नेटची सुद्धा टरकते," मुलगा म्हणाला. घरात तो विनोद झाला, पण मला मनातून ते पटायला लागलं होतं. आपल्या असण्याने कुणाचं भलं होत असेल तर माणूस खोलात शिरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, रविवारी पूर्ण मॅच तुम्ही माझ्या मागेच बसाल का?"

"बसेन की," मी म्हणाले. मी अगदी भाव खात म्हणाले, पण त्या रात्री मला झोपताना फार बरं वाटत होतं.

रविवारी पावणेतीनला मी स्टुलावर जाऊन बसले. माझंही एक काम अडलं होतं. एका सभागृहाचे चौदा पडदे डेकोरेटरला संध्याकाळी सहाला द्यायचे होते आणि तीन पडद्यांच्या खालच्या पट्ट्या मारायच्या राहिल्या होत्या. मॅच सव्वाचारला संपणार, मग पावणेदोन तास हातात. हिशेब चोख होता.

पहिला अर्धा तास काय सांगू. सूनबाई अशी पळत होती, हिला उठव, तिला उठव, आणि पिंग एकोणतीस. मला खेळातलं फार कळत नाही, पण कप्तान दोनदा "शाबास सुई" म्हणाली ते हेडफोनबाहेर मलाही ऐकू आलं. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. डेकोरेटर. "मावशी, गाडी चारलाच पाठवतोय, दुसरी मिळत नाही."

मी हळूच उठले. बाहेर आले, पडदा मशीनखाली सरकवला, पाय दाबला. हातभर शिलाई झाली नसेल तोच आतून हाक आली.

"आई, इकडे या ना जरा."

मी धावत गेले. पिंग तीस. "काय झालं?" "आठशे झाला होता. बसा ना तुम्ही." मी दोन मिनिटं बसले आणि तिचं लक्ष खेळात आहे बघून पुन्हा सटकले. घड्याळात साडेतीन झाले होते. पाय दाबला. "आई," आतून आवाज, यावेळी जरा रडवेला. मी पाय उचलला. आत शांत. मी तशीच बसून राहिले. एक पाय वर, समोर मशीन, मशीनची वायर बोर्डात, आणि त्याच बोर्डात शेजारी ते पांढरं डबडं.

खात्री करायला मी आणखी एकदा पाय दाबला. हे मी कबूल करते. आत सूनबाई "नको नको नको" म्हणाली, आणि मग ओरडली, "कप्तान, तुटलं नाहीये, आहे मी!"

मी मशीनची वायरच उपटली. काखेत कळसा आणि मी गावभर वळसे घालत होते. शेजाऱ्यांशीही भांडून आले होते. लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता. अडीच पडदे बाकी, अर्धा तास हातात.

मुलगा सोफ्यावर लोळत होता. "ऊठ," मी म्हणाले. "चाकाशी बस."

"कसलं चाक?"

"मशीनचं. हाताने फिरव. मोटर लावायची नाही. का ते नंतर सांगते."

"आई, आधी मशीन बंद करून चालू करून बघ ना."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चाकाशी बसला. मी कापड धरलं, तो फिरवत राहिला. आधी धसमुसळा, टाके आडवेतिडवे. मग "हळू, एक लय ठेव" असं दोन-चारदा ऐकल्यावर त्याचा हात बसला. असं मायलेकांनी आम्ही शेवटचं कधी एकत्र काम केलं होतं, मला आठवेना. चारला डेकोरेटर स्वतःच जिना चढून आला तेव्हा शेवटचा पडदा अर्धा झाला होता. "मावशी, वीज गेलीये का?" "नाही. आमच्याकडे मॅच चालू आहे. पदर धरा जरा पडद्याचा." त्याला काहीच कळलं नाही, पण त्याने धरला.

आतून एकही हाक आली नाही. शेवटच्या दहा मिनिटांत तर आम्ही तिघेही कान देऊन काम करत होतो. "कप्तान पडली," सूनबाई म्हणाली. मग, "थांब, मी आहे." मग काहीच नाही. माझ्या मुलाचा हात चाकावर थांबला आणि मी त्याला ओरडलेही नाही. आणि मग पाच बायका एकदम किंचाळल्या. चार हेडफोनमधून आणि एक आमच्या घरातून. डेकोरेटरने पडदा सोडून टाळ्या वाजवल्या.

तो पडदे घेऊन गेल्यावर मी आत गेले. सूनबाईचा चेहरा नुसता फुलला होता. जागा राहिली होती, कप्तानने स्वतः सांगितलं होतं. मी समोर उभी राहिले आणि सगळं ओकून टाकलं. "इतके दिवस तुझं नेट मीच तोडत होते. माझ्या मशीनची मोटर फिरली की त्याच वायरीतलं तुझं नेट बिघडायचं. तपासायला म्हणून मी उठायची, मशीन बंद व्हायचं, आणि मला वाटायचं माझंच पुण्य."

ती खाली बघून म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"शुक्रवारी तक्ता पाहिला ना, तेव्हा. पिंग चांगला असायचा तेव्हा दर वेळी तुम्ही खोलीत होतात, आणि लाल व्हायचा तेव्हा दर वेळी बाहेर मशीन चालू."

माझा पारा चढला. "आणि तोंड शिवून बसलीस? तुझी जागा जात होती. मला सरळ सांगितलं असतंस, मशीन बंद ठेवा, तर मी ठेवलं नसतं का?"

"ठेवलं असतंत," ती म्हणाली. "पण मग मॅचच्या वेळी तुम्ही बाहेर बसला असतात. तुम्ही मागे असता ते मला आवडायला लागलं होतं."

मी तिला चांगलंच सुनावलं. अशी कुणी जोखीम घेतं का, डोकं आहे का ठिकाणावर, सगळं बोलून घेतलं. बोलताना मला इतका आनंद होत होता की मुलगा दारात येऊन बघत राहिला. तिचे हेडफोन गळ्यात होते. त्यातून कप्तानचा आवाज आला, पुढची मॅच मंगळवारी, सात वाजता, कोण कोण आहे.

"आम्ही दोघी आहोत," मी खाली वाकून म्हणाले, जरा मोठ्यानेच, म्हणजे तिला नीट ऐकू जाईल.