भिंतीला भोक न पाडता

सिद्धप्पांनी एकदा नाही म्हटलं की त्या घरात पाण्याची मोटरसुद्धा विचारून सुरू व्हायची. भवानी पेठेतलं चादरींचं दुकान मुलाच्या, राजशेखरच्या हाती देऊन ते बैठकीत येऊन बसले, ते बसलेच. दुकान सुटलं, हुकूम काही सुटला नाही. आणि इंटरनेटचा मोडेम नेमका त्यांच्याच खुर्चीशेजारी लुकलुकत होता.

त्यांच्या सुनेला, रुद्राणीला, ते नेट वरच्या खोलीत हवं होतं. तिला काम मिळालं होतं. बदली होऊन विजापूरकडे निघालेल्या मराठी बँकवाल्यांना बोलण्यापुरतं कन्नड शिकवायचं. पहिला वर्ग त्याच संध्याकाळी होता. तो नीट झाला तर पुढचे मिळणार, फसला तर घरी बसा. पण बैठकीतलं वायफाय जिना चढेपर्यंत दम टाकायचं, आणि मोबाईलचं नेट म्हणजे घटकाभराचा पाहुणा.

"वर कशाला? हितंच बस की माझ्यासमोर," सिद्धप्पा म्हणाले. "दार लावून परक्या माणसांशी बोलायचं, ही कुटली रीत? आन् घरची भाषा कुणी इकायला काढतं व्हय?"

"घरच्या मागावरच्या चादरी विकल्याच की, आप्पा."

आप्पांना हे झोंबलं. खरं बोलणं झोंबतंच. ते खुर्चीत ताठ झाले. "एक ध्यानात ठेव. ह्या भिंतीला भोक पडायचं न्हाई. गड्ड्याच्या जत्रंला रंग दिलाय."

तिनं दुकानात नवऱ्याला फोन लावला. "तूच बोल की आप्पांशी, गिऱ्हाईक आलंय," म्हणून त्यानं ठेवून दिला. बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की या माणसाला गिऱ्हाईक येतंच.

रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोक नको ना? नकोच. नवी पेठेतून आणलेली लांबच लांब वायर तिनं सोडली, एक टोक मोडेमला लावलं आणि दुसरं खिडकीच्या गजांतून बाहेर काढलं. मग गल्लीकडच्या कपड्यांच्या दोरीवर, टॉवेल आणि परकरांच्या मधून, चिमटे लावत लावत ती वायर वरच्या खिडकीत नेली. भोक पाडू दिलं असतं तर वायर गुपचूप वर गेली असती, कुणाला पत्ता लागला नसता. आता अख्खी गल्ली माना वर करून बघत होती.

"काय गं, हे काय वाळत घातलंस?" समोरच्या गोजाबाईंनी विचारलं.

"नोकरी, काकू!" रुद्राणी बैठकीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली.

वर नवा राऊटर होता. तिनं वायर खोचली, लॅपटॉपवर राऊटरचं नाव आलं, नेट मात्र येईना. वर्गाची वेळ होत आलेली. घाम पुसत तिनं खोक्यातला कागद उलगडला. राऊटरला मागं ओळीनं पिवळी भोकं होती, ती नेट पुढं द्यायची. मोडेमकडून घ्यायचं भोक वेगळं, एका कडेला, निळं. घ्यायच्या तोंडाऐवजी द्यायच्या तोंडात वायर कोंबली होती बाईनं! ती काढून निळ्यात घातली. खाली जाऊन, आप्पांच्या नाकासमोर, मोडेमचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, मग वर येऊन राऊटर लावला. हिरवा दिवा लागला तशी ती एकटीच हसली.

वर्ग झकास सुरू झाला. "हेंग अदीरी?" म्हणजे कसे आहात, हे सहाही जणांना जमलं. जेवण झालं का, हेही आलं. आणि एकाएकी पडद्यावरची सगळी तोंडं थिजली.

तिनं खिडकीतून पाहिलं. वायर जागच्या जागी होती. मग तिला कळलं. तिनं मोबाईलवर वर्ग पुन्हा जोडला, आवाज पूर्ण वाढवला आणि ती खाली उतरली.

सिद्धप्पा पेपर वाचत होते. मोडेम विझला होता.

"लई झालं बोलणं," ते पेपरामागून म्हणाले. "बास आता."

रुद्राणीनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "सर, ऐकताय ना सगळे? धडा जरा बदलू. हे माझे सासरे, आप्पा. यांनी नेटचं बटण बंद केलंय. मोठ्या माणसाला चालू करा म्हणायचं, तर आदरानं म्हणायचं. 'आप्पार, स्विच हाक्री.' म्हणा."

"आप्पार, स्विच हाक्री!" सहा बँकवाले एका सुरात म्हणाले.

पेपर खाली आला. समोरच्या खिडकीत गोजाबाई दिसायला लागल्या. सिद्धप्पांचा चेहरा लालबुंद झाला. रुद्राणीचा हात बटणापर्यंत सहज पोचला असता, पण तिनं तो हलवला नाही. ज्यानं बंद केलं त्यानंच चालू करायचं.

"नीट ऐकू आलं नाही वाटतं त्यांना. पुन्हा म्हणा."

"आप्पार, स्विच हाक्री!" या वेळी गल्लीपर्यंत गेलं.

सिद्धप्पांनी बटण दाबलं. मोडेमचे दिवे एकेक करून लागले.

"छान," रुद्राणी म्हणाली, ते मोबाईलला. आप्पांकडे तिनं पाहिलंही नाही. "आता पुढचं वाक्य. हात लावू नका, म्हणजे मुट्टब्याड्री."

ती जिना चढत होती आणि तिच्या हातातून सहा जण सिद्धप्पांना खणखणीत बजावत होते, "आप्पार, स्विच मुट्टब्याड्री!"