बदलापूरची पट्टी

शाल प्रमोदच्या खांद्यावरून दुसऱ्यांदा घसरली, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष चिंतामणीकाका यांनी ती त्याच्या बगलेत खोचली आणि नारळ हातात दिला. नारळ घेताना प्रमोदने मान खाली घातली. मंडळींना तो विनय वाटला.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या विक्रांतच्या सायबर कॅफेचं शटर समारंभापुरतं अर्धं खाली ओढलं होतं. शेजारच्या गाळ्यात जीन्स शिवणारी मशिनं खडखडत होती. आत उल्हास खोरे मूळ संख्या शोध मंडळाचे यच्चयावत सभासद हजर होते, म्हणजे दोन बाकं भरली होती.

जगभरातले हौशी लोक घरचे कॉम्प्युटर जुंपून अजस्र मूळ संख्या शोधत होते. त्या कामाचा एक तुकडा या मंडळाच्या वाट्याला आला होता. मंडळाने त्याच्या पट्ट्या पाडल्या आणि शेतजमिनीसारख्या सभासदांच्या नावावर केल्या. ज्याची पट्टी असेल त्याचा कॉम्प्युटर एकेका संख्येची परीक्षा घेत बसायचा. जवळजवळ सगळ्या संख्या नापास व्हायच्या आणि जाताना मागे एकेक शेष, म्हणजे भागाकाराची बाकी, ठेवून जायच्या. ते शेष चिटणिसाकडे पाठवायचे. मग तीच पट्टी त्या शेषांसकट दुसऱ्याकडे जायची आणि त्याच्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालायची. दोघांचे शेष जुळले की काम खरं.

चिटणीस प्रमोद होता. मोरिवलीच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा, आणि नियम करण्याची सवय त्याला तिथूनच लागली होती. संख्या कोणाच्याही कॉम्प्युटरवर सापडो, पट्टी ज्याच्या नावावर असेल त्याच्याच नावाने ती जगाला कळवायची, हा नियम त्याचा. पट्टी अडवून बसेल त्याचं नाव कमी करायचं, हाही त्याचाच. या दुसऱ्या नियमाखाली उन्हाळ्यात चामटोलीच्या किसनचं नाव कमी झालं. किसनने लोडशेडिंगचं कारण दिलं होतं.

"लोडशेडिंग सगळ्यांनाच आहे," असं प्रमोदने तेव्हा बैठकीत उभं राहून सांगितलं होतं.

सगळ्यांना होतंच. बदलापूरला प्रमोदच्या घरीही वीज जायची. आणि असायची तेव्हा मनाली, त्याची बायको, कॉम्प्युटर बंद करायची, कारण त्याच्या पंख्याची गरम हवा थेट सासूबाईंच्या खाटेवर यायची. किसनचं नाव कमी झालं आणि प्रमोदच्या लक्षात आलं, की आपलीही पट्टी अजून सुरूच झालेली नाही. चिटणिसानेच मुदत मागणं बरं दिसलं नसतं. पट्टीत मूळ संख्या नाही हे सांगायला तसा कॉम्प्युटर लागतो कशाला? कुठल्याच पट्टीत नसते. अडचण फक्त शेषांची होती. त्याने आपल्याच एका जुन्या पट्टीचे शेष काढले, शेवटचा पहिला आणि पहिला शेवटचा असे उलटे लावले आणि काम पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं. शेष कॉम्प्युटर जुळवतो, आणि नाही जुळले तर पट्टी फक्त तिसऱ्याकडे जाते. माणूस ते वाचत बसला, तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील.

पट्टी फेरतपासणीला अंबरनाथच्या मैत्रेयी मॅडमकडे गेली. ती जुनी पट्टीही त्यांनीच तपासली होती. त्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांच्या कॉम्प्युटरला तिच्यात मूळ संख्या सापडली.

"मॅडम, संख्या तुमची आहे," प्रमोद त्यांना फोनवर म्हणाला होता. "माझ्याकडून ती... राहिली."

"नियमाने तुमची आहे, सर. नियम तुम्हीच केलाय."

आता त्या पुढच्या बाकावर बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"पण मॅडम," चिंतामणीकाकांनी विचारलं, "याच्या कॉम्प्युटरला कशी नाही दिसली ती?"

प्रमोदने नारळाची शेंडी घट्ट धरली.

"तापतात कॉम्प्युटर," मैत्रेयी मॅडम म्हणाल्या. "तापला की चुकतो."

"बदलापूरचं ऊन!" विक्रांत म्हणाला. विषय मिटला.

किसन हार घेऊन पुढे आला. नाव कमी झालेल्या माणसाला बोलवायचं कारण नव्हतं, पण पेपरात फोटो जाणार होता आणि बाकं भरायला हवी होती.

"अभिनंदन वो सेक्रेटरी," हार घालत तो म्हणाला. "आमच्याकडं लाइट असती, तर आमालाबी घावली असती एखादी."

"दोन शब्द बोल आता," चिंतामणीकाका म्हणाले.

प्रमोद उभा राहिला. घरून निघाल्यापासून तो एकच वाक्य मनात घोकत आला होता, आणि ते त्याने उच्चारलं.

"खरं सांगायचं तर यात माझं काहीच कर्तृत्व नाही."

टाळ्या पडल्या. आजवर ज्याला ज्याला शाल मिळाली तो हेच म्हणत आला होता. काकाही निवृत्तीच्या दिवशी हेच म्हणाले होते.

"नाही, म्हणजे खरंच नाही," प्रमोद म्हणाला. टाळ्या वाढल्या.

हाराखाली शर्ट ओला झाला होता.

"किसनचं नाव परत घ्या," तो म्हणाला. "त्याची पट्टी त्याला द्या."

"याला म्हणतात मन!" काका म्हणाले. "भाई, दिल बडा है," विक्रांत म्हणाला आणि त्याने फोटो काढला. किसनने प्रमोदचा हात दोन्ही हातांत धरला, तो लवकर सोडेना.

प्रमोद शटरखालून वाकून बाहेर पडला, तशा मैत्रेयी मॅडम त्याच्या मागोमाग आल्या. रिक्षा येईपर्यंत त्या पर्समध्ये सुट्टे शोधत राहिल्या.

"सर, ते तुमचे शेष," पर्समधून मान वर न करता त्या म्हणाल्या, "जुन्या पट्टीचे, उलटे लागले होते. मी सगळी पट्टी परत चालवून सरळ करून ठेवलेत."

प्रमोदने तोंड उघडलं.

"काकांना नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यांनी ती शाल स्वतः जाऊन निवडलीय." आणि रिक्षात बसल्या.

घरी वीज होती. प्रमोद चपला काढून सरळ कॉम्प्युटरसमोर बसला आणि आपली पट्टी काढली. पहिल्या संख्येपासून सुरू केली.

"मिळाली ना ती संख्या?" मनालीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मिळाली."

"मग आता काय शोधताय?"

पंखा घरघरू लागला. खाटेवर आई कुशीवर वळली. प्रमोदने उठून कॉम्प्युटरचा डबा अर्धा फिरवला. गरम हवा आता त्याच्या खुर्चीवर येत होती. तो त्या हवेत बसून राहिला. शाल अजून अंगावरच होती.