खांद्यातली वाट

ऑपरेशनच्या टेबलावर आडवे पडले तरी सरांची शिकवणी थांबेना. "जांघेतूनच जा. राजमार्ग सोडायचा नाही, किती वेळा सांगितलंय?"

डॉक्टरीणबाई जांघेतूनच तार सरकवत होत्या. ज्यांनी त्यांना सुई धरायला शिकवलं, तेच सर आज त्यांचे पेशंट होते. हृदय पार थकलेलं. ब्लॉक उघडताना ते बंद पडू नये म्हणून धमनीतून एक बारीक पंप आधी आत बसवायला हवा होता. पण उजव्या जांघेतली धमनी चुना साचून दगड झाली होती. तार पुढे सरकेना.

"मग डावीकडून बघ."

"डावी त्याहून वाईट आहे, सर. मी खांद्याखालून जाते."

"वेडी आहेस का? तिथे धमनी फुटली तर नुसतं दाबून रक्त थांबत नाही, पोरी!"

ते खरंच होतं.

"प्रेशर सत्तरवर घसरलंय," सिस्टर म्हणाली.

"सर, आता गप्प राहा." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सरांना अडवलं होतं.

आधी त्यांनी मनगटातून एक तार वर नेऊन ठेवली. वेळ आलीच, तर तिच्यावरून फुगा सरकवून आतून रक्त अडवता आलं असतं. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर रोवून त्यांनी कॉलरबोनखाली सुई घातली. पहिल्याच फटक्यात सुई धमनीत शिरली, लाल धार आली. पंप हृदयात उतरला, प्रेशर चढलं, ब्लॉक उघडला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण पंप काढून धमनीचं भोक बुजवायला धागे आवळले, तरी रक्त थांबेना. सरांचा खांदा बघता बघता फुगू लागला.

"फुगा द्या!" बाई ओरडल्या. आतून फुगा फुगवला, वरून सिस्टरनं सगळा भार देऊन दाबलं. बऱ्याच वेळानं फुगा उतरवला. जागा कोरडी होती.

"हाताला रक्त पोचतंय ना? बोटं हलवा, सर."

बोटं हलली. सर डोळे मिटूनच पुटपुटले, "तार आधीच ठेवली होतीस?"

"हो."

"मी नसती ठेवली."

बाहेर सरांच्या पत्नी, काकू, पदर मुठीत धरून उभ्या होत्या. "बरे आहेत," एवढंच बाई बोलल्या आणि तिथल्याच बाकावर मटकन बसल्या.