खोलगटातली निलगिरी

द्वारकेतल्या त्या नव्या सोसायटीत सावली म्हणून नव्हती. रंगाचा वास न गेलेल्या चार इमारती, डोक्यावरून पोट दाखवत उतरणारी विमानं आणि मागे एक खोलगट भाग. पावसाचं पाणी तिथे साचे, दिवाळीपर्यंत रेंगाळे आणि सगळी सोसायटी डासांच्या नावाने बोटं मोडत बसे. दिल्लीचा नळ अजून इथवर पोचला नव्हता. सगळी भिस्त बोअरवेलवर.

मोबाइल कंपनीच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेला जयंत इथे वर्षभर नुसता 'वो मराठी भाईसाहब' होता. आता कमिटीने झाडं लावायचं काम त्याच्याकडे दिलं, आणि पठ्ठ्याने टेम्पोभर रोपं फुकट मिळवली. त्याच्या बायकोला, मृणालला, हे कळलं ते शनिवारी, लेकीला, मयुराला नाचणीची खीर भरवताना.

"निलगिरी? खोलगटात?"

"इथे सफेदा म्हणतात. भराभर वाढतो, पाणी शोषतो. डासांचा प्रश्नच मिटला."

"अरे, तिथे साचतं तेच मुरतं, आणि तेच आपण उपसतो. पाऊस सरला तरी ही झाडं खालून पीतच राहणार."

"झाडांनी पाणी वाढतं, शाळेत शिकलो ना आपण?"

"झाड माती धरून ठेवतं, पाणी मुरायला वाट करून देतं, खरंय. पण ते पितंही. कुठलं झाड, किती दाट, पाऊस किती, त्यावर ठरतं."

बाळंतपणाआधी ती भूजल खात्यात होती. एका गावचा उजाड माळ निलगिरीने हिरवागार झाला, हारतुरे झाले. पुढे खालच्या विहिरींना दोर पुरेनात. ती पातळी तिनेच मोजली होती. तेही तिने सांगितलं.

"घरात बसून बसून तुला सगळ्यात खोट दिसायला लागलीय," म्हणून जयंत उठलाच.

ते तिला लागलं. मयुराचं तोंड पुसताना वाटलं, गप्प बसावं. लेकीला झाडाखाली खेळवायची हौस काय तिला नव्हती? आणि नवऱ्याला इथे कुठे आत्ता चार माणसं नावाने ओळखू लागली होती. पण बोअरवेल आटली तर बादल्या घेऊन टँकरमागे धावायचं, तेही ह्याच लेकीला कडेवर घेऊन.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ती बोलली. मयुरा खांद्यावर, हिंदी अडखळत.

सेक्रेटरी चड्ढासाहेब हसले. "भाभीजी, पेड़ से तो बारिश आती है।"

"बादल कहाँ बरसेगा, ये चार सफेदे नहीं ठरवते, भाईसाहब. लेकिन ज़मीन का पानी तो वो आज से पिएँगे."

"तो क्या मच्छर पालें?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"उस पानी में मछली छोड़िए. मच्छर के लार्वा खाती है."

पुन्हा हशा, पण थोडा कमी. चड्ढासाहेबांनी मान वळवली. "जयंतजी, काम आपका है. आप ही बोलिए."

जयंत जमिनीकडे बघत होता. "सुबह बताता हूँ," एवढंच म्हणाला. घरी आल्यावर तो मयुराशी बोलला, मृणालशी नाही.

सकाळी हॉर्न ऐकून ती बाल्कनीत आली. खाली टेम्पो उभा, आणि जयंत ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता. बरीचशी रोपं परत न्यायची म्हटल्यावर ड्रायव्हर वैतागला होता. शेजारी चड्ढासाहेब हाताची घडी घालून उभे.

जयंतने वर पाहिलं. चेहरा अजून घुश्शातच होता.

"खोलगट सोडला," तो म्हणाला. "पलीकडे रस्त्याच्या कडेला लावतो. किती चालतील?"

मृणालने खोलगटापासून रस्त्यापर्यंत नजर फिरवली. खात्यात असती तर आकडा काढला असता; इथे खालची माती कशी आहे, हेसुद्धा तिला नीट ठाऊक नव्हतं.

"नक्की नाही सांगता येणार, जयंत. यंदा थोडीच लाव, लांब लांब. उन्हाळ्यात बोअरवेल बघू, मग पुढचं."

"म्हणजे उद्या चुकलीस तर?"

"तर तसं सांगेन. मीटिंगमध्येच."

जयंतने मान हलवली, आणि चड्ढासाहेबांच्या हातात कुदळ दिली.