सासऱ्याला बाहेर काढणारी नर्स

आमच्या मालकांना टेंभुर्णीत कुणी 'उठा' म्हणल्यालं मी तरी ऐकलं न्हाई. मी नाव घेत न्हाई, पण सारं गाव त्यांला रखमाजी म्हणतं अन् दबकून राहतं. अशा माणसाला जालन्याच्या दवाखान्यात एका शिकाऊ नर्सनं बाहेर काढलं. दंडाला धरून! काय पोरगी म्हणावी का काय!

झालं असं, आमची सून दैवशाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली अन् नडगीचं हाड मोडलं. तिचा नवरा, आमचा अंगद, कामाला पुण्याला. मंग प्लास्टर घातल्यापासून मालकच तिच्या उशाशी स्टूल टाकून बसले. जेवायलाबी उठंनात. "लेक हाय ती माझी," म्हणायचे. जीव हाय हो त्यांचा तिच्यावर, खोटं कशाला बोलू. पण तिनं लग्न झाल्यापासून सासऱ्यासमोर मोठ्यानं शब्द काढला न्हाई. पडल्या पडल्या पदर सावरून राह्यली. डॉक्टरांनी इचारलं तरी "बरं हाय", मी इचारलं तरी "बरं हाय".

सकाळी शिकाऊ पोरी आल्या. त्यातली अर्पिता राजूरकडची, अंगानं एवढीशी, पण नजर बिलकुल घारीची. तिनं पांघरूण सारलं अन् सरळ पायाच्या बोटांकडं गेली. बोटं सुजून पांढरी पडल्याली. नख दाबून सोडलं, तर रंग लवकर येईना. मंग अंगठा हळूच वर ओढला, तशी दैवशालाच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा.

"दुखतंय का, ताई?"

"न्हाई. बरं हाय."

पोरीनं एकडाव तिच्याकडं बघितलं, एकडाव स्टुलाकडं. "बाबा, तुम्ही जरा बाहेर जा."

"मी? अगं, मी सासरा हाय तिचा!"

"म्हणूनच जा म्हणते. जल्दी."

अगं बया! मालकांच्या मिशा थरथरल्या. "तुझ्या मोठ्या बाईला बोलीव," म्हणून ओरडले. ही बया घाबरली असंल का? तिनं दंड धरला, दाराबाहेर नेऊन सोडलं अन् दार लोटून घेतलं. "आता सांगा, ताई."

दैवशालानं जो हंबरडा फोडला! "रातीपासून पाय फाटून राह्यलाय. आतून कुणी आवळतंय. बोटं तर माझी वाटंनातच."

"अगं, मंग बोलली का न्हाईस?"

"मामा बसल्यालेत ना, आत्याबाई. कशी बोलू?"

मी कपाळावर हात मारला. पोरीनं मी पायाखाली रचल्याल्या उशा काढल्या, पाय छातीच्या बराबरीनं ठेवला अन् पळत जाऊन डॉक्टरांना घेऊनच आली. त्यांनी प्लास्टर अन् खालचा कापूस वरपासून खालपर्यंत चिरला. म्हणले, पाय आत सुजला, रक्त कोंडलं, अजून येळ गेला असता तर पाय हातचा गेला असता.

"तुला कसं गं कळलं?" मी पोरीला इचारलं.

"प्लास्टरचा पेशंट बरं हाय म्हणला तरी बोटं बघायचीच, असं शिकवलंय आम्हाला," ती म्हणली. एवढंच. मला तर तिथंच तिची दृष्ट काढावी वाटली.

हळूहळू बोटांना लाली आली. दैवशालानं ती हालवून दाखवली, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला. बाहेर मालक बाकावर बसल्याले, गमजा तोंडाला लावून. दाराआडून त्यांनी समदं ऐकल्यालं. मी या म्हणलं तरी आत येईनात. उंबऱ्यातच उभे राह्यले अन् आधी त्या पोरीला हात जोडले. मंग खाली मान घालून म्हणले, "सूनबाई, कसं हाय आता?"

दैवशालानं पदर धरला. अर्पिताकडं बघितलं.

"दुखतंय, मामा," दैवशाला म्हणली. चांगलं मोठ्यानं.

आमचे मालक उंबऱ्यातच मटकन खाली बसले. "असं बोल गं माय," म्हणले, "असंच बोलत जा."